मोठेपणी कोण होणार

या, बसा असे टेकून. आमच्या बाळ्याची गोष्ट सांगतो. फक्त मध्ये बोलायचं नाही.

गेल्या महिन्यातली रात्र. अख्खी गल्ली घोरतेय आणि बाळ्या स्वयंपाकघरात वही उघडून बसलाय. पानावर नुसता मथळा, ‘मोठेपणी मी कोण होणार’. पुस्तकातला विषय, बाईंनी तसाच्या तसा फळ्यावर उतरवलेला. वर दम भरलेला, “उद्या वही कोरी दिसली तर परीक्षेला बसू देणार नाही.”

आई गेली तेव्हा एकदा शाळा सुटली होती बाळ्याची. आता पुन्हा सुटली तर संपलंच की!

पेन्सिल चावावी, तर पुढचे दोन दात पडलेले. डॉक्टर लिहावं? रक्त दिसलं की हा आडवा. विमान चालवणारा? शिडीवर चढला तरी गरगरतं. ‘मी’ लिहिलं, खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं. कागदाला भोक पडलं.

तेवढ्यात ताई खोकत उठून आली. आईच्या मागे त्याचं सगळं तीच बघते.

“बाळ्या, अजून जागा? दिवा काय फुकट जळतो?”

“सुचतच नाही गं.”

“खरड काहीतरी आणि झोप. तू कोण होणार याची कुणाला पडलीय?”

“बाईंना! त्यांनी विचारलं तरी. आजवर कुणी विचारलं होतं?”

ताईने फळीवरच्या दोन बाटल्या काढून त्याच्यापुढे धरल्या. तिला अक्षरओळख नाही.

“यातली खोकल्याची कुठली ते सांग. परवा शेजारीण घरात नव्हती, तर मी सांध्यांना चोळायचं तेल पिऊन बसले.”

“तरीच तोंड एवढं सटासट चालतंय!”

ताईने टपली मारली. बाळ्याने बाटलीवर बोट ठेवलं, एकेक अक्षर धरत पुढे सरकवलं. “खो... क... ला. ही घे.”

ताईने चमचाभर औषध घेतलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली झोपायला.

बाळ्या त्या बाटलीकडे बघत राहिला. मग पेन्सिल जी सुटली म्हणता!

‘मोठेपणी मी वाचून देणारा होणार. ताईला आता शेजारणीची वाट बघायला लागणार नाही. गल्लीतल्या कुणालाच लागणार नाही.’

पान भरलं आणि गडी वहीवरच डोकं टेकून झोपला.

दुसऱ्या दिवशी बाई वाचता वाचता मध्येच थांबल्या. खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग परीक्षेच्या यादीत त्याचं नाव घातलं.

कालच निकाल लागला. पास झाला पठ्ठ्या!

आता परवा त्याच्या नातीच्या लग्नाला तुम्ही येणारच आहात. दारातच उभा असेल काठी टेकून, म्हातारपणी शाळेत गेलेला आमचा बाळ्या. माझं एवढं ऐका, त्याला तब्येत विचारू नका. मार्क विचारा.