तांदळातलं नाव

लग्नानंतर नव्या सुनेचं, शालिनीचं, नवं नाव ठेवायला कारापूरच्या घरी सगळे जमले होते. वर्षापूर्वी गेलेल्या आजीची आठवण निघाली आणि सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"चाळीस वर्सां ती चुलीकडसून हलली नाय. स्वताची आवय मेली तरी म्हायेराक गेली नाय. म्हणाली, माझ्यामागे घराक कोण बघतला?"

शालिनीचेही डोळे भरले. सोमवारी तिला डिचोलीच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू व्हायचं होतं. ती हळूच म्हणाली, "अशी माणसं आता कुठे मिळणार?"

"मिळतत गो," सासूबाई हसल्या. नवऱ्यानं अंगठीनं तबकातल्या तांदळात तिचं नवं नाव लिहिलं. शालिनीनं वाकून वाचलं.


ते आजीचं नाव होतं.