पुडिंगातली ताकद

विषमज्वरातून उठून रावजी शुक्रवार पेठेतल्या घरी आले, तेव्हा त्यांची पार काडी झाली होती. दवाखान्यातल्या मडमेनं मथुराबाईंना बजावून सांगितलं होतं, की दूध, साखर आणि मक्याचं पीठ शिजवून त्यात बाटलीतले व्हॅनिलाचे चार थेंब घालायचे आणि हे पुडिंग रोज वाडगाभर खाऊ घालायचं. महिन्याभरात अंगावर मांस चढेल.

मथुराबाईंनी एक दिवस चुकवला नाही. पण रावजी दोन चमचे खायचे आणि वाडगा त्यांच्याकडं सरकवायचे. "बास मला. तूच संपव. माझ्या उशाला बसून तुझं बी काय ऱ्हायलंय?" नवऱ्याचं उष्टं टाकायचं नाही, हे तर लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. शिवाय त्या वासानं जीव कसा गार व्हायचा.

महिना सरला. रावजी हिंडू-फिरू लागले, पण होते तसेच काटकुळे. नवरा उठला की हिरवा चुडा भरीन, असं मथुराबाई देवीला बोलल्या होत्या. म्हणून त्यांनी बजाबाई कासारणीला बोलावलं आणि तिच्यापुढं हात धरून तणतणल्या, "मडमेच्या त्या पुडिंगात काय बी ताकद न्हाय बघ! महिनाभर रोज वाडगाभर केलं, पर तोळाभर मांस चढलं न्हाय!"

बजाबाईनं नेहमीच्या मापाची बांगडी तीनदा रेटून बघितली.


मग ती पेटीत परत ठेवत म्हणाली, "ताकद न्हाय कसं म्हणता, मथुराबाई? थांबा, मोठं माप काढते."