वाढ्याचा भारा

कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, तशी ऊसतोड्यांची पांगापांग सुरू झाली. नेवाशाजवळच्या माळावर सातपुड्यातली टोळी ट्रकमध्ये सामान भरत होती. घरी नव्हे, पुण्याकडच्या वीटभट्टीवर निघाली होती. गावातली लंकाबाई धापा टाकत आली ती थेट टोळीतल्या रुमाल्यापुढं उभी राहिली.

"दादा, सायकीला हितंच ठिवा. वसतिगृहात जागा मिळालीय तिला. खानं, कपडे, शाळा, समदं तिथंच. मी हाय लक्ष द्यायला."

रुमाल्याला मराठीचा शब्द कळत नव्हता. त्यानं लेकीकडं पाहिलं. टोळीत मराठी येत होतं ते एकट्या सायकीला. हंगामभर पाचटाच्या कोप्यांमागच्या लिंबाखाली लंकाबाईनंच शिकवलेलं, अक्षरंही आणि बोलणंही. लंकाबाई स्वतः नातवंडं झाल्यावर वाचायला शिकलेली. या पोरीनं तिला चार महिन्यांत मागं टाकलं होतं.

"सांग की गं बापाला."

सायकी आपल्या बोलीत बोलली. थोडंच. रुमाल्याचा चेहरा खुलला. त्यानं जोरजोरात मान डोलावली आणि लगबगीनं कोपीमागं गेला.

लंकाबाईनं पदर डोळ्यांना लावला. "हो म्हनला बग! काढ तुजं बोचकं खाली."

सायकी जागची हलली नाही.

रुमाल्या आला तो डोक्यावर उसाच्या वाढ्याचा भारा घेऊन. तो त्यानं लंकाबाईच्या पायाशी ठेवला आणि हात जोडले.

लंकाबाई त्या हिरव्या पात्यांकडं बघत राहिली. "काय सांगितलंस गं त्याला?"

"आजीची शेळी उपाशी हाय म्हनलं. चारा मागाया आल्यात."

"अगं भवाने! शाळेचं इचारलं असतंस तर हो म्हनला असता की त्यो!"

"म्हनून तर न्हाई इचारलं."

लंकाबाईनं तिचा दंड धरला. "का पन?"

सायकीनं ट्रककडं पाहिलं. आई हौद्यात बसली होती, अवघडलेली, सातव्या महिन्यातली.

"हितं आल्या आल्या आमचं बाळ तापलं हुतं. आईनं दवाखान्यात समदं सांगितलं. कवापास्नं तापलंय, काय खाल्लं, कसं डोळं फिरवतंय. रडून रडून सांगितलं. कुनालाच कळंना. मला तवा मराठी येत न्हवतं, आजी."

लंकाबाईचा हात आपोआप सुटला.

ड्रायव्हर मच्छिंद्रनं खिडकीतून डोकं काढलं. "बसली का समदी? का कुनी राह्यलंय मागं?"

हौद्यातल्या सगळ्या माना सायकीकडं वळल्या. ती चाकावर पाय देऊन वर चढली, आईला टेकून बसली.

"न्हाई," ती मोठ्यानं म्हणाली. "कुनी राह्यलं न्हाई."