निरोगी माणूस हवा

माणिकपूरला सकाळचे ऊन आधी चर्चच्या कौलांवर रेंगाळे, मग खिडकीच्या जाळीतून हळूहळू उतरत आमच्या रुग्णालयातल्या तपासणीच्या पलंगावर कुणी बोलावल्याविना येऊन बसे.

त्या उन्हात विमलाकाकी पडल्या होत्या. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. हृदयात छिद्र आहे का, हे सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहण्यासाठी मी त्यांच्या शिरेत बारीक बुडबुड्यांचे सलाईन सोडले; छिद्र असले तर बुडबुडे उजवीकडून डावीकडे जातात. शांत श्वासात बुडबुडे हृदयाच्या उजव्या बाजूलाच राहिले. मग मी त्यांना पोटावर जोर द्यायला आणि मग तो सोडायला सांगितले.

“पान्याचा हंडा उचलताना देते तसा?” काकींनी विचारले आणि तसा जोर दिला. बुडबुडे डावीकडे निसटले.

“जोर दिल्यावर कुणाचेही निसटतील,” माझे वरिष्ठ डॉक्टर चुरी सर म्हणाले. “नॉर्मल लिही आणि घरी पाठव.”

“आणि पुन्हा झटका आला तर, सर?” मी विचारले.

“मग एखाद्या निरोगी माणसावर करून दाखव, कविराज,” सर मला चिडवत म्हणाले. “ त्याचे निसटले नाहीत, तर तुझे मानीन.”

मी शर्ट उतरवून काकींच्या जागी आडवा झालो. सिस्टरने सलाईन सोडले, मी जोर दिला, आणि पडद्यावर माझेही बुडबुडे डावीकडे गेले.

सर हसले. “बघ. तुझी पद्धतच खोटी.”



“पद्धत खरी आहे, सर,” मी म्हणालो. “निरोगी मी नाही. गेल्या महिन्यात माझा उजवा हात दोनदा लुळा पडला होता.”