शुक्रवारचा गॅस

कॉव्हेंट्रीत दर शुक्रवारी दिवेलागणीला सुलक्षणा शेजारच्या म्हाताऱ्या मॉरिसचा गॅस पेटवायला जाई. नवऱ्याला, डॉक्टर यशोधनांना, ती सांगे, "ज्यू आहेत ते. शनिवार पाळतात, शुक्रवारी सूर्य मावळला की विस्तव पेटवत नाहीत. अलिबागला शेजारच्या ज्यूंकडे मीच दिवे लावायचे." परतायची मात्र तासाभराने. पन्नास वर्षांपूर्वी मॉरिस आणि त्याचे ज्यू दोस्त स्पेनच्या यादवीत आपणहून लढायला गेले, तिथली एकेक लढाई ऐकून. "नाहीतर तुम्ही! कचऱ्याच्या डब्यावरूनही कौन्सिलशी कधी भांडला नाहीत."

डॉक्टर यशोधनांच्या पोटात दुखू लागलं. एका शुक्रवारी ते स्वतःच गेले. मॉरिस सिगरेट ओढत होता. गॅसवर किटली उकळत होती, शेजारी दोन कप.

"तुम्ही शनिवार पाळता ना?"

"छे! धर्म स्पेनला जातानाच सोडला, डॉक्टर."

"मग माझ्या बायकोला सांगा की तसं!"

"सांगितलं ना. पहिल्याच शुक्रवारी."