किलोभराने हलकी

बाबांनी स्पोर्ट्स कारच्या चाकांना टायटॅनियमचे वीस बोल्ट बसवले आणि गाडी किलोभराने हलकी झाली. मग ते ढिले पडतील या धास्तीने दोन किलोंचा पाना डिकीत आला. जुने पोलादी बोल्टही, असू देत म्हणून. इवलीशी डिकी तेवढ्यानेच भरली. परिणामी परदेशी शिकायला निघालेल्या मुलीला बॅग मांडीवर घेऊन बसावं लागलं. विमानतळाच्या वाटेवर बाबांनी तिसऱ्यांदा गाडी थांबवली. “अहो बाबा, सगळे घट्ट आहेत! विमान चुकेल माझं!” “चुकलं तर चुकलं. चाक निघालं म्हणजे?” त्यांनी पुन्हा एकेका बोल्टला पाना लावला. “पण या बोल्टांचा फायदा काय?” “वजन कमी झालं की गाडी पळते, बाळा.” विमान मिळालं. परतताना मुलगी आणि बॅग वजा जाता गाडी ऐंशी किलोंनी हलकी होती. बाबांनी एकही बोल्ट तपासला नाही. गाडी चाळिसाच्या वर गेलीच नाही.