चारची पाटी

गुणफलकावर दशकाच्या आकड्यांच्या पाट्या लाल असत. पाहुण्यांच्या बाजूला सहापर्यंत, आमच्या बाजूला तीनपर्यंतच. आमच्या रग्बी लीग क्लबने चाळिशी कधी गाठलीच नव्हती. वीस वर्षं आमच्या पाट्या मी लावायचे, पाहुण्यांच्या क्लाइव्ह. “आयरीन, तुझ्या पाट्यांचा रंगसुद्धा उडत नाही गं!” तो चिडवायचा. “तुझे हात दुखत नाहीत का रे, मेल्या?” मी म्हणायचे. त्या रविवारी हरलो, तर क्लब लीगमधून कायमचा बाद होणार होता. शेवटच्या मिनिटाला आमचे छत्तीस, पाहुण्यांचे अडतीस. तेवढ्यात नाक फुटलेला आमचा टेविता तिघांना अंगावर घेऊन चेंडूसकट रेषेपलीकडे पडला. चार गुण, म्हणजे चाळीस! मैदान ओरडत होतं आणि माझ्याकडे चारची लाल पाटीच नव्हती. वळले, तर क्लाइव्ह आपली झिजलेली चारची पाटी बाहीने पुसत होता. “घे,” तो म्हणाला, “लाव लवकर. आणि परत देऊ नकोस.”